खोडलेली शिफारस: कर्नल पॅडी मेन आणि हुकलेला व्हिक्टोरिया क्रॉस

ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या खास दलाचा अधिकारी लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट ब्लेअर मेन, ऊर्फ पॅडी मेन, याच्या नावावर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर म्हणजे डीएसओ हे पदक ४ वेळा लागलेलं आहे. मूळ पदक आणि त्यावर ३ पट्ट्या. चौथ्या वेळची शिफारस मात्र डीएसओची नव्हतीच, ती व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाची होती. फॉर्मवरचा तो उल्लेख खोडला गेला आणि त्या जागी हातानं डीएसओची तिसरी पट्टी लिहिली गेली. या खाडाखोडीवरून सुरू झालेला वाद ८० वर्षं उलटून गेली तरी मिटलेला नाही.

माझं लक्ष या प्रकरणाकडे गेलं ते तारखेमुळे. मेनचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा. ही तारीख मराठी माणसाला ओळखीची असायला हवी, कारण त्याच दिवशी इटलीत सेनियो नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोघांनी त्या दिवशी जे केलं ते इतकं सारखं आहे, की दोन्ही सन्मानपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मेनच्या प्रकरणाचा नीट उलगडा होत नाही असं मला वाटतं.

रस्त्यावर काय झालं

१९४५ च्या एप्रिलमध्ये कॅनडाचं चौथं चिलखती डिव्हिजन वायव्य जर्मनीत ओल्डेनबुर्गच्या दिशेनं सरकत होतं. त्याच्या पुढे मोकळ्या जागा हेरत, शत्रूच्या पिछाडीला घुसत जायचं काम पहिल्या एसएएस रेजिमेंटच्या जीपना दिलेलं होतं. मोहिमेचं नाव ऑपरेशन हॉवर्ड. कागदावर हे एसएएसचं नेहमीचंच काम दिसतं. जमीन मात्र नेहमीची नव्हती. लिबियाच्या वाळवंटात जीप कुठूनही वळवता यायची, रात्री येऊन पहाटेआधी नाहीसं होता यायचं. इथे सखल, ओली जमीन, कालवे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर, मध्येच झाडी आणि शेतघरं. जीप रस्ता सोडू शकत नव्हती, आणि रस्ता कुठला हे शत्रूला आधीच ठाऊक होतं. रणगाडे मागे आणि उघड्या जीप पुढे, अशी ही चाल होती. माझ्या मते हा वापरच चुकीचा होता. त्या दिवशीची माणसं त्या चुकीपायीच गेली.

ब्यॉर्गर गावाजवळ बी स्क्वाड्रनचा पुढचा भाग घरांमधून आणि झाडीतून झालेल्या गोळीबारात सापडला. स्क्वाड्रनचा प्रमुख मेजर डिक बाँड मारला गेला. पुढची काही माणसं, त्यात जखमीही, रस्त्याकडेच्या चरात अडकून पडली. डोकं वर काढायची सोय नव्हती. वायरलेसवर खबर मिळताच मेन स्वतः पुढे आला. आधी त्यानं एकट्यानं जागा पाहून घेतली. मग ब्रेन गन ही हलकी मशीनगन घेऊन जवळच्या घरातल्या शत्रूवर गोळीबार केला आणि ते घर शांत केलं. पण चरातली माणसं अजून अडकलेलीच होती.

मग तो जीपमध्ये बसला. मागच्या मशीनगनवर कोण येतो असं विचारल्यावर लेफ्टनंट जॉन स्कॉट पुढे झाला. मेन स्टिअरिंगवर, स्कॉट गनवर. दोघं त्या रस्त्यानं सरळ निघाले, चरातल्या माणसांना ओलांडून पुढे गेले, शत्रूच्या तोंडासमोर जीप वळवली आणि गोळीबार करत परत आले. त्या जीपना पुढच्या बाजूला थोडं चिलखत असे, पण जीप वळली की ते कुठल्याच कामाचं नाही. परतीच्या वाटेवर मेननं चरापाशी जीप थांबवली, खाली उतरला आणि गोळ्या चालू असताना जखमींना एकेक करून उचलून जीपमध्ये ठेवलं. सन्मानपत्रातलं हे वाक्य वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं. रेजिमेंटचा प्रमुख, डीएसओ आणि २ पट्ट्या आधीच छातीवर, युद्ध महिनाभरात संपणार हे सगळ्यांना दिसतंय, आणि हा माणूस चरात उतरतो.

त्याआधीची कारकीर्द

मेनचा जन्म १९१५ चा, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूटाउनार्ड्सचा. शिक्षणानं सॉलिसिटर, अंगानं धिप्पाड. १९३६ मध्ये आयरिश विद्यापीठांचा हेवीवेट बॉक्सिंग विजेता, आयर्लंडकडून रग्बीचे ६ कसोटी सामने, आणि १९३८ च्या लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या रग्बी संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेचा दौरा. युद्ध सुरू झाल्यावर तोफखान्यातून रॉयल अल्स्टर रायफल्समध्ये आणि तिथून अकराव्या कमांडोत गेला. जून १९४१ मध्ये लेबनॉनमधल्या लितानी नदीवरच्या लढाईत त्याचं नाव वर आलं. वरिष्ठाला मारल्याबद्दल तो कोठडीत होता आणि एसएएसचा संस्थापक डेव्हिड स्टर्लिंगनं त्याला तिथून सोडवून एसएएसमध्ये आणलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिला आधार देणारा पक्का कागद नाही, म्हणून मी ती इथे धरत नाही.

एसएएसची सुरुवात वाईट झाली. नोव्हेंबर १९४१ च्या वादळी रात्री ५५ जणांनी पॅराशूटनं उड्या घेतल्या आणि जेमतेम २१-२२ परत आले. मेनचा जिवलग मित्र इयॉइन मॅकगोनिगल त्यात गेला. यानंतर उड्यांचा नाद सोडून वाळवंटातली वाट जाणणाऱ्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकमधून शत्रूच्या विमानतळांपर्यंत जायचं ठरलं, आणि तिथून एसएएसचं नशीब फिरलं. १४ डिसेंबर १९४१ च्या रात्री लिबियातल्या तामेत इथे मेनच्या तुकडीनं २४ विमानं निकामी केली. हत्यार होतं जॉक लुइसनं बनवलेला छोटा बॉम्ब: प्लास्टिक स्फोटक, थर्माइट आणि तेल यांचा साधारण अर्ध्या किलोचा गोळा, विमानाच्या पंखावर इंधनाच्या टाकीपाशी चिकटवायचा. बॉम्ब संपले तेव्हा मेननं एका विमानाचं यंत्रफलक हातानं उपटून काढलं. त्याच रात्री वैमानिकांच्या मेसचं दार लाथेनं उघडून त्यानं आतल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. हे स्टर्लिंगलाही नंतर खटकलं होतं. मेनचा गौरव करताना ही बाजू गाळणं बरोबर नाही. तो नुसता खेळाडू वृत्तीचा वीर नव्हता, युद्धात तो फार कठोर होता.

डिसेंबरअखेर तो परत तामेतला गेला आणि आणखी २७ विमानं गेली. पहिला डीएसओ या काळातला. जानेवारी १९४३ मध्ये स्टर्लिंग ट्युनिशियात पकडला गेला, आणि एसएएस टिकते की मोडते असा प्रश्न आला. दल मोडलं नाही याचं मोठं श्रेय मेनला आहे. स्पेशल रेडिंग स्क्वाड्रन या नव्या नावाखाली त्यानं माणसं एकत्र ठेवली, १० जुलै १९४३ ला सिसिलीत कापो मुर्रो दि पोर्कोच्या किनारी तोफा घेतल्या, पुढे ऑगस्टा, बन्यारा, तेर्मोली. पहिली पट्टी सिसिलीबद्दल. १९४४ मध्ये पहिल्या एसएएसचा कर्नल म्हणून फ्रान्समध्ये शत्रूच्या पिछाडीला, आणि तिथे दुसरी पट्टी.

कागदाचा प्रवास

ब्यॉर्गरच्या शिफारशीवर एसएएस ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर माइक कॅल्व्हर्ट आणि कॅनेडियन डिव्हिजनचा मेजर जनरल ख्रिस व्होक्स यांच्या सह्या होत्या. कॅल्व्हर्टचा जन्म हरियाणातल्या रोहतकचा, आणि मार्च १९४५ मध्ये एसएएस हाती घेण्याआधी तो ब्रह्मदेशात चिंडिट या जपान्यांच्या पिछाडीला लढणाऱ्या दलाबरोबर दोन मोहिमा लढला होता. म्हणजे जपान्यांसमोर संगिनी चालवलेल्या माणसानं, आणि मेनशी काही देणंघेणं नसलेल्या कॅनेडियन जनरलनं, दोघांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मागितला. व्होक्सची सही मला जास्त मोलाची वाटते. आपल्या माणसाची शिफारस कुणीही करेल, दुसऱ्याच्या सैन्यातल्या कर्नलसाठी कोण शब्द टाकतो?

तरी वर जाता जाता निकाल बदलला. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये तिसरी पट्टी जाहीर झाली, आणि त्याच महिन्यात एसएएस मोडीत काढली गेली. युद्धात कमांडो दलांचा प्रमुख राहिलेल्या रॉबर्ट लेकॉकनं मेनला अभिनंदनाचं पत्र लिहिलं, त्यात व्हिक्टोरिया क्रॉस द्यायला हवा होता असं स्पष्ट म्हटलं होतं.

सेनियोवर त्याच दिवशी

आता दुसरा कागद. ९ एप्रिलला इटलीत ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यानं शेवटची मोठी चढाई सुरू केली. सेनियो नदीला दोन्ही तीरांवर उंच पूरबांध, त्यात जर्मनांनी खंदक खणलेले, उतारांवर सुरुंग पेरलेले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव कंपनीचे निरोपे होते. ते आपल्या कंपनी कमांडरबरोबरच्या छोट्या तुकडीत खोल पाण्यातून पलीकडे पोचले, तेवढ्यात तीन मशीनगन चौक्यांतून गोळीबार सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे मारले गेले, जाधव तेवढे सुखरूप. त्यांनी एका जखमी जवानाला उचललं, पाण्यातून, निसरड्या उतारावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं, आणि दुसऱ्यासाठी परत तीच वाट धरली. दोघंही वाचले.

काम तिथे संपायला हरकत नव्हती. जाधव तिसऱ्यांदा उघडा पूर्वबांध ओलांडून गेले. टॉमी गननं एक चौकी बंद केली. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि उरलेल्या दोन चौक्या त्यांनी उडवल्या. मध्ये बॉम्ब संपले म्हणून बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन आणखी आणले. मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना अडवायला आता त्या बांधावर कुणी उरलं नव्हतं.

त्याच दिवशी सेनियोवरच अली हैदर या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या शिपायानंही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आणि आदल्या रात्रीपासून त्या पहाटेपर्यंत, तिथून फार दूर नसलेल्या कोमाक्कियोच्या सरोवरापाशी, एसएएसच्याच फांदीतून निघालेल्या स्पेशल बोट स्क्वाड्रनचा डॅनिश मेजर अँडर्स लासेन लढता लढता मारला गेला, त्याला तो मरणोत्तर मिळाला. म्हणजे ९ एप्रिल या एका तारखेनं दोन भारतीय शिपायांना आणि एका डॅनिश अधिकाऱ्याला व्हिक्टोरिया क्रॉस दिला. मेनला नाही.

कारणं तपासताना

सगळ्यांत जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे वरच्यांचा राग. मेन तापट होता, दारू प्यायला की आवरणं कठीण, वरिष्ठांची भीड ठेवत नसे, आणि एसएएसकडे नियमित सैन्यातले बरेच जण खासगी टोळी म्हणून बघत. यातलं वर्णन खरं आहे. पण राग होता म्हणून फॉर्म खोडला गेला, हा दुवा जोडणारा कागद कुणी पुढे आणलेला नाही. मेनवर माझं प्रेम आहे, तरी पुराव्याशिवाय हा आरोप मी उचलणार नाही. शिवाय ज्याच्यावर राग होता त्याला लोक चौथ्यांदा डीएसओ देत बसत नाहीत.

दुसरं कारण हुद्द्याचं. लेफ्टनंट कर्नलनं पुढे होऊन माणसं वाचवणं हे नेतृत्व समजलं जातं, आणि नेतृत्वासाठी डीएसओ आहेच. हे पटण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या छाप्यांत डिएपला कॅनडाचा चार्ल्स मेरिट आणि सेंट नाझेरला कमांडोंचा चार्ल्स न्यूमन, अल अलामीनच्या लढाईत रायफल ब्रिगेडचा व्हिक्टर टर्नर, हे तिघं लेफ्टनंट कर्नल होते, तिघंही जिवंत राहिले आणि तिघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

साक्षीदार कमी पडले का? या तक्रारीचं उत्तर मेनच्याच जुन्या दलात आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये, एसएएसची पहिली उडी फसली त्याच सुमारास, अकराव्या कमांडोचा जेफ्री कीज जर्मन सेनापती रोमेलच्या मुख्यालयावर चालून गेला. रोमेल तिथे नव्हता, घरात शिरताच कीज मारला गेला आणि मोहीम फसली. प्रत्यक्ष पाहणारे मोजके, शिफारस लिहिणारा लेकॉक घटनास्थळी नव्हता, तरी कीजला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो ॲडमिरल रॉजर कीजचा मुलगा होता. कीज शूर होता यात मला शंका नाही, आणि मेलेल्या माणसाचं पदक मी मोजायला बसलेलो नाही. मुद्दा एवढाच, की तिथे पुरेसा ठरलेला पुरावा ब्यॉर्गरच्या मानानं बराच तोकडा होता. ब्यॉर्गरला अख्ख्या स्क्वाड्रनच्या डोळ्यांदेखत सगळं घडलं. सेंट नाझेरच्या सार्जंट टॉम डरंटचा व्हिक्टोरिया क्रॉस तर जर्मन अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून पुढे सरकला. पुराव्याकडे बघायची इच्छा असली की तो कुठूनही सापडतो.

मग उरतं काय? माझा तर्क असा, आणि तो तर्कच आहे. नामदेव जाधवांच्या फॉर्मपुढे निवडीला मधली पायरी जवळजवळ नव्हती. शिपायाला डीएसओ मिळत नसे. खालची पदकं होती, पण तीन वेळा गोळीबारात शिरणाऱ्या निरोप्याला ती देताना कुणाचाही हात अडखळला असता. मेनच्या बाबतीत मात्र तयार जिना होता: डीएसओ, पहिली पट्टी, दुसरी पट्टी. तिसरी पट्टी देऊन आपण उदारच वागलो, असं फॉर्म हातात घेणाऱ्याला सहज वाटू शकतं. चौथा डीएसओ इतका दुर्मीळ, की तो नकार वाटतच नाही. मेरिट, न्यूमन, टर्नर यांच्या लढाया देशभर गाजलेल्या होत्या. ब्यॉर्गर हे नाव तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या १८२ व्हिक्टोरिया क्रॉसपैकी जवळपास निम्मे मरणोत्तर आहेत. परत आलेल्या माणसाच्या बाबतीत धोका खरंच तेवढा होता का, असा प्रश्न कागद वाचणाऱ्याच्या मनात येतोच. मेन परत आला, आणि जखमींनाही घेऊन आला.

आणखी एक गोष्ट. जीपमध्ये स्कॉट होता. मशीनगन त्यानं चालवली. दोघांच्या कृत्यातला एकट्या मेनचा वाटा किती, असा हिशेब कुणी केला असेल तर जखमी उचलायला खाली कोण उतरलं हे त्यानं नीट वाचलं नाही.

नंतर

मेन युद्धानंतर अंटार्क्टिकाच्या सर्वेक्षण मोहिमेत गेला, पाठीच्या दुखण्यानं परत यावं लागलं. उत्तर आयर्लंडच्या लॉ सोसायटीचा सचिव म्हणून त्यानं काम केलं. पाठ शेवटपर्यंत छळत राहिली. १४ डिसेंबर १९५५ च्या पहाटे न्यूटाउनार्ड्समध्ये घराजवळच त्याची गाडी उभ्या वाहनावर आदळली आणि वयाच्या ४० व्या वर्षी तो गेला. गावच्या कॉनवे चौकात त्याचा पुतळा आहे. नामदेव जाधव १९८४ मध्ये पुण्यात गेले.

२००५ मध्ये ब्रिटिश संसदेत मेनवर अन्याय झाला असं म्हणणारा ठराव मांडला गेला आणि त्यावर शंभराहून अधिक खासदारांनी सह्या केल्या. सरकारनं नकार दिला. इतक्या वर्षांनी युद्धातल्या पदकांचे निर्णय परत उघडायचे नाहीत, हे धोरण. त्यामागचं कारण मी समजू शकतो. एक उघडलं की शेकडो दारं वाजतील, आणि साक्षीदार आता उरलेले नाहीत. पण २०२० मध्ये ऑस्ट्रेलियानं टेडी शीन या नौसैनिकाला १९४२ मध्ये बुडत्या जहाजावरून केलेल्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस दिला, तोही आधी नकार येऊन गेल्यावर. ऑस्ट्रेलियाची व्यवस्था आता वेगळी आहे, हे खरं. तरी ७८ वर्षांनी कागद परत वाचता येतो, एवढं त्यातून दिसलं. मेनच्या बाबतीत तर नवा साक्षीदार शोधायचीही गरज नाही. कॅल्व्हर्ट आणि व्होक्स या दोघांनी १९४५ मध्येच सह्या करून ठेवल्या आहेत. खोडणाऱ्यानं कारण काय दिलं, हे ब्रिटिश सरकारनं सांगावं.